अंदमानच्या पाण्यात बॅकप्लेट: पुण्याहून जाणाऱ्या डायव्हरसाठी

पुण्याहून अंदमानला डायव्हिंगसाठी जाताना स्वतःची बॅकप्लेट न्यायची असेल, तर ती कोणत्या धातूची असावी हा प्रश्न समुद्राच्या बराच अलीकडे, लोहगाव विमानतळावरच्या वजनकाट्यापाशीच निकालात निघतो. देशांतर्गत विमानांत बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान आणि हातातली ७ किलोंची बॅग एवढीच मुभा देतात. त्यात रेग्युलेटर (श्वासाचे यंत्र), विंग (हवेची पिशवी), फिन्स आणि मास्क बसवले की कपड्यांना फारशी जागा उरत नाही. फेब्रुवारीतल्या आमच्या स्वराज द्वीपाच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या सहलीत मी अॅल्युमिनियमची आणि माझ्या मित्राने स्टेनलेस स्टीलची प्लेट नेली होती, त्यामुळे दोन्हींची पारख एकाच होडीवर आणि एकाच पाण्यात करता आली.

ज्यांनी आजवर भाड्याचे जॅकेट बीसीडीच (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट) वापरले आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅकप्लेट म्हणजे पाठीच्या आकाराला वाकवलेला धातूचा पत्रा; त्यातून पाच सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा सलग पट्टा ओवून हार्नेस तयार होतो, आणि पत्रा व टाकी यांच्या मध्ये हवेची विंग बसते. ही रचना फ्लोरिडातल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांनी रूढ केली असली, तरी प्रवाळ पाहायला जाणाऱ्यालाही तिचा उपयोग होतो, कारण सगळी हवा पाठीमागे राहिल्याने शरीर सहज आडवे राहते, छाती मोकळी राहते आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

आम्ही दोन्ही प्लेटा भोसरी एमआयडीसीतल्या एका लेझर कटिंगच्या शेडमध्ये करून घेतल्या. "साहेब, ३०४ चालतंय की, ३१६ चे पैसे कशाला घालता?" असे तिथल्या कारागिराने विचारले होते, भांडी आणि रेलिंगसाठी त्याचे बरोबरच आहे, पण खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडला तोंड देण्यासाठी ३१६ मधले दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम लागते, नाहीतर ३०४ वर लवकरच तांबूस ठिपके उमटतात. बाजारात पत्र्याला चुंबक लावून दाखवतात, त्यावर विसंबू नये, कारण ३०४ आणि ३१६ दोन्ही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. त्यापेक्षा पत्र्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. अॅल्युमिनियमसाठी ५०५२ घ्यावे. ६०६१ अधिक मजबूत असले तरी टी-६ या कडक केलेल्या अवस्थेत ते कमी त्रिज्येत वाकवताना तडकण्याची भीती असते. विंग आणि टाकी जोडणाऱ्या बोल्टच्या मधल्या दोन भोकांच्या केंद्रांतले अंतर ११ इंच, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर ठेवले की बाजारातली बहुतेक कोणतीही विंग त्यावर बसते.

या कामात सर्वाधिक वेळ पट्टा ओवायच्या खाचांच्या कडा गुळगुळीत करण्यात जातो, आणि तिथे कंटाळा करू नये. लेझरने कापलेली कड डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण तिच्यावर उरलेला बारीक बर, म्हणजे धातूची धारदार कंगोरी, पट्ट्याचे धागे एकेक करून कापत राहतो. मी जुना नायलॉनचा मोजा हातात घालून प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंवरून फिरवला. जिथे तो अडकला तिथे गोल कानस, मग पॉलिश पेपर, आणि पुन्हा मोजा. भोसरीत हे करून मागितले तर 'टंबलिंग (यंत्रात घोळवून घासणे) करून देतो' म्हणतात, पण खाचेच्या आतल्या कोपऱ्यांचे काम हातानेच करावे लागते.

आता वजनाचा हिशोब. तीन मिलिमीटर जाडीची स्टीलची प्लेट साधारण अडीच किलोंची होते आणि पाण्यात सुमारे सव्वादोन किलो खाली ओढते. तेवढीच अॅल्युमिनियमची प्लेट पाऊण किलोच्या आसपास भरते आणि पाण्यात जेमतेम अर्धा किलो ओढते. आम्हाला तिथे मिळालेली ११ लिटरची अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना किंचित बुडते, पण हवा संपत आली की दीड-दोन किलोंनी वर ओढू लागते, आणि कंबरेच्या पट्ट्यावर वजन म्हणून शिसे लागते ते मुख्यतः त्या शेवटच्या टप्प्यासाठी. माझा मित्र अंगाने भरलेला आहे आणि तीन मिलिमीटरचा वेटसूट घालतो. त्याला स्टीलच्या प्लेटमुळे पट्ट्यावरचे दोन किलो शिसे कमी करता आले. मी सडपातळ आहे आणि २८ अंशांच्या पाण्यात रॅश गार्डवरच (पातळ, अंगाला चिकटणारा सदरा) उतरतो. माझ्या पाठीवर स्टीलची प्लेट असती तर शिसे अजिबात लागले नसते. हे ऐकायला छान वाटते, पण मग पृष्ठभागावर अडचणीत सापडल्यास टाकून देता येईल असे अंगावर काहीच उरत नाही, आणि म्हणून माझ्यासारख्याने अॅल्युमिनियमची प्लेट आणि कंबरेला दोन किलोंचा सोडता येणारा पट्टा हीच जोडी ठेवावी असे माझे मत आहे. शिवाय शिसे आम्हाला डायव्ह सेंटरकडून फुकट मिळाले. पुण्याहून स्टील नेणे म्हणजे स्वतःचे शिसे विमानाने नेण्यासारखे आहे. गाडीने मालवण किंवा मुर्डेश्वरला जाणाऱ्याने स्टील खुशाल न्यावे.

विंग १२ ते १४ किलो उचलणारी पुरेशी आहे. याहून मोठी घेतली तर ती एकट्या टाकीभोवती दोन्ही बाजूंनी गुंडाळली जाते आणि वरच्या घडीत हवा अडकून राहते.

पट्टा ओवण्याचे काम घरी, घाई नसताना करावे. प्लेटची वरची कड मानेच्या तळाशी असलेल्या हाडाच्या तीन-चार बोटे खाली यावी, आणि खांद्यावरच्या पट्ट्याखाली सपाट तळहात सहज सरकावा. पट्टा ताठ ओढून बसवला की दिसायला नीटनेटका दिसतो, पण हात मागे नेऊन टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचता येत नाही आणि होडीवर हार्नेस उतरवताना दुसऱ्याची मदत लागते. मोजमाप नेहमी ज्या कपड्यांत डायव्ह करणार त्यातच घ्यावे. जास्तीचा पट्टा पुण्यात कापू नये. पहिल्या डायव्हनंतर ट्राय-ग्लाइड (पट्टा जागी धरणाऱ्या कड्या) जागेवर बसल्या की मगच कापून टोक गरम सुरीने वितळवून घ्यावे. ती सुरी आणि पाण्यातला कटर चेक-इनच्या बॅगेत आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, हे विमानतळावर वाद टाळण्यासाठी.

पहिली डायव्ह नेमो रीफवर, उथळ वाळूत केली, आणि नव्या हार्नेससाठी असेच ठिकाण मागून घ्यावे. टाकीत ५० बार दाबाची हवा उरली असताना विंग पूर्ण रिकामी करून पाच मीटरवर शांत श्वास घेत थांबता आले, तर शिसे बरोबर आहे. मित्र या चाचणीत बुडू लागला, म्हणून त्याने आणखी एक किलो काढले आणि पुढे डिक्सन्स पिनॅकलच्या प्रवाहात तो आमच्यापैकी सर्वांत स्थिर दिसत होता.

तिथल्या लाकडी डुंग्यांवर, म्हणजे छोट्या होड्यांवर, सामान बहुधा पाण्यातूनच वर द्यावे लागते. सलग पट्ट्याच्या हार्नेसला खांद्यावर बकल नसते, तेव्हा क्रम ठरवून ठेवावा: आधी विंगमध्ये हवा, मग शिशाचा पट्टा वर द्यायचा, मग कंबरेचे बकल सोडून एक कोपर आत घेऊन हात बाहेर काढायचा. शिसे अंगावर ठेवून विंग आधी सोडली तर माणूस खाली जातो. शिशाचा पट्टा क्रॉच पट्ट्याच्या (दोन्ही पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याच्या) बाहेरून बांधावा, नाहीतर सोडला तरी तो तिथेच लटकतो. खांदा दुखावलेला असेल तर एका बाजूला बकल लावून घेण्यात काही कमीपणा नाही; 'शुद्ध' रचनेचा आग्रह धरणाऱ्यांना आपला खांदा दुखत नसतो. पृष्ठभागावर विंग गच्च भरली की ती तोंडावर लोटते, म्हणून हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच हवा भरून मागे रेलावे. आणि उतरण्याआधी बडीला (डायव्हमधल्या जोडीदाराला) विंगमधली हवा सोडणारा खालचा डंप व्हॉल्व्ह कुठे आहे ते हाताने दाखवावे, कारण जॅकेटची सवय असलेला माणूस तो खांद्यावर शोधतो.

अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, आणि मालवणहून घाट चढून पुण्याला येणाऱ्यांनीही उंचीचा विचार करावा, कारण पुणेच सुमारे ५६० मीटरवर आहे. आम्ही ते तास सामान वाळवण्यात घालवले. विंगमध्ये शिरलेले खारे पाणी इन्फ्लेटरच्या (हवा भरायच्या नळीच्या) तोंडातून ओतून टाकावे, आत गोडे पाणी घालून हलवावे आणि पुन्हा उलटी टांगावी. पट्टा मात्र प्लेटमागे दुमडलेल्या जागी ओला राहतो, तेवढा सैल करून वाऱ्यावर ठेवावा. ओले सामान काट्यावर किलो-दीड किलो सहज जास्त भरते, आणि परतीच्या विमानातही मुभा १५ किलोंचीच असते.