माग थांबवण्याची मजुरी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टॉवेलचे बारा माग आहेत, सगळे धोट्याचे, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या शटलचे. बरीच वर्षं सुरक्षितता म्हणजे भिंतीवरची एक पाटी होती: 'चालू मागात हात घालू नका', मराठीत आणि तेलुगूत. पाटी सगळ्यांना पाठ होती, तरी धूळ चालू मागातूनच काढली जायची. मजुरी नगावर, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. दोष कामगाराला देत होतो, खोट आमच्या हिशोबात होती.

म्हणून पहिली दुरुस्ती मजुरीच्या वहीत केली. पाळीत दोनदा पंधरा मिनिटं सफाई, आणि त्या वेळेचे पैसे मागच्या आठवड्याच्या सरासरीने. आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी सफाई करणाऱ्याच्या खिशात. नुसतं माग चालू-बंद करायचं हँडल ओढून भागत नाही. मोटार फिरतच राहते आणि हँडलला धक्का लागला की माग चालू होतो. हवेच्या पाइपने धूळ उडवणं बंद केलं, कारण ती शेजारच्या मागावर आणि माणसाच्या छातीत जाते. आता ब्रश आणि व्हॅक्यूम.

खरी भीती धोटा उडण्याची. डोळा जाऊ शकतो. धोट्याला फटका देणारा पिकर झिजणं, ताण्याचे म्हणजे उभ्या धाग्यांचे थर पुरेसे न उघडणं, तुटलेल्या धाग्याचा गुंता, आडवा धागा ठोकणारी फणी आणि धोटा जाऊन थांबतो त्या पेटीची मागची बाजू एका रेषेत नसणं, ही नेहमीची कारणं. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, पाळीआधी ही चारही बघतो आणि मागाला टांगलेल्या कार्डावर सही करतो. तुटलेला धागा जोडताना आड येतो म्हणून धोटा बाहेर उडू न देणारा शटल गार्ड काढून ठेवायची सवय असते. गार्ड नसेल तर सही नाही, सही नसेल तर माग बंद. ऑर्डर कितीही तातडीची असो, तिथे मालकाचं चालत नाही. धोटा उडाला आणि कुणाला लागला नाही, तरी नोंद होते. नोंद करणाऱ्याची मजुरी कापायची नाही, नाहीतर कार्डं कोरीच राहतील.

1987 च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात कलम 7-अ आलं आणि सुरक्षिततेची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या आमच्यासारख्यांवर, स्पष्ट शब्दांत आली. दर शनिवारी बाराही कार्डांवर शेवटची सही म्हणूनच मालकाची असते.

आवाजाचं काम अजून अर्धवट आहे. कानात घालायचे फोमचे इयरप्लग वाटले, पण ते नुसते टेकवले तर उपयोग नाही: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. सध्या जॉबर हे रोज दोघांना करून दाखवतो.