टोकाचा प्रश्न

वस्तऱ्यात सगळा मान धारेला. धार कोणत्या दगडावर लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर पातं किती वेळा फिरवायचं, यावर तासन्‌तास बोलणारे लोक भेटतात. टोकाची चौकशी कोणी करत नाही. टोक मात्र आपली पूर्ण माहिती काढून बसलेलं असतं : कानाची पाळी, ओठाचा कोपरा, नाकपुडीची कड. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते आमच्या तपोवनात असं मानतात, त्यामुळे नाशिककराने तरी नाकाजवळ पातं नेताना जरा बेताने घ्यावं.

टोकाचे घाट दोन मुख्य. एक काटकोनी : पातं सरळ येतं आणि एकदम संपतं, कोपरा सुईसारखा. मिशीची कड कोरायला, कल्ले सरळ उतरवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, पण हात सराईत हवा. दुसरा गोल. तो चुका पोटात घालतो, डोकं भादरताना कानामागे सहज वळतो. कोरीव कामात मात्र जरा मठ्ठच. फ्रेंच म्हणतात तो घाट या दोघांच्या मधला, पाव वर्तुळाचा, खाली कोपरा राखून वर गोलाई देणारा. दिसायला तोच सगळ्यांत देखणा आणि रक्त काढण्यात काटकोनीपेक्षा फार मागे नाही. काही वस्तऱ्यांना टोकाच्या वरच्या अंगाला एक छोटी खाच असते. ती कशासाठी, यावर शौकीन लोक अजून भांडतात. मला ती शोभेचीच वाटते.

माझ्याकडचा वस्तरा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातला. कुलपं, अडकित्ते, नळाच्या तोट्या यांच्या ढिगात पडला होता. पात्याच्या मुळाशी सोलिंगेन, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर, आणि खाली जर्मनी असा ठसा. ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं, तेव्हापासून असे ठसे सर्रास दिसू लागले. म्हणजे वस्तरा बहुधा त्यानंतरचा. धार बरी, पाठ सरळ, फक्त टोकाचा कोपरा दीडेक मिलिमीटर उडालेला.

आता सरळ उपाय वाटतो तो हा, की अख्खी धारच तेवढी खाली घासून न्यावी. इथेच वस्तऱ्याची खरी गंमत आहे. चाकू घासताना कोन आपल्या मनगटात असतो. वस्तरा दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून सपाट फिरवायचा, त्यामुळे कोन पात्यातच ठरलेला, साधारण १६-१७ अंशांचा. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून तो येतो. माझ्या पात्याची रुंदी पाच-अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. त्यातले दीड धारेकडून घालवले आणि पाठ तेवढीच जाड राहिली, की कोन वाढतो आणि पातं बोथटाकडे झुकतं. एका कोपऱ्यासाठी सगळ्या धारेला शिक्षा! त्यापेक्षा कोपराच गोल करावा : तुटका भाग त्या गोलाईतच निघून जातो आणि बाकी पात्याला धक्का लागत नाही.

ते काम सायकलवरच्या धारवाल्याचं नव्हे. त्याची विळी-कात्री उत्तम होते, पण वस्तऱ्याची धारेकडची बाजू कागदासारखी पातळ. फिरत्या कोरड्या चाकावर ती क्षणात तापते. पोलाद दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या पुढे गेलं की आधी पिवळट पडतं, तीनशेच्या सुमाराला निळं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, आणि मग तिथे लावलेली धार टिकत नाही. म्हणून हा उद्योग हाताने, ओल्या दगडावर, आणि बोट अगदी टोकाजवळ ठेवून करायचा. बोटाला चटका बसण्याच्या कितीतरी आधी पातं पाण्यात जातं.

उरलेल्या धारेवर चिकटपट्टी लावली. मार्करने गोलाई आखली. मग चारशे नंबरच्या दगडावर टोक उभं धरून, मनगट झुलवत हळूहळू रेघेपर्यंत आणलं. दगडावरचं पाणी काळं होत गेलं. घासायचं थोडं, बघायचं जास्त, कारण गेलेलं पोलाद परत येत नाही. पुढे हजार नंबरचा दगड, मग चिकटपट्टी काढून नेहमीची धार, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. नव्या वळणावर अंगठ्याचं नख हलकेच फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही. ज्यांचं टोक शाबूत आहे पण बोचतं, त्यांना एवढा खटाटोप नको. बारीक दगडावर तो कोपरा एक-दोनदा ओढला तरी भागतं.

रामकुंडावर क्षौर करणारे कारागीर असोत की गल्लीतलं सलून, आता सगळीकडे अर्धी ब्लेड. कागदासकट मधोमध मोडायची, वस्तऱ्यात सरकवायची, गिऱ्हाईक उठलं की फेकायची. एड्सच्या धास्तीने ही सवय पक्की झाली आणि ती योग्यच आहे. दुसऱ्याच्या गालावरून आलेलं पातं मला नकोच. पण त्या अर्ध्या ब्लेडचा कोपरा कारखान्यातून येतो तसाच येतो. आपल्या हाताला जमेल असं टोक घडवून घेणं हा भाग न्हाव्याच्या कामातून गेला.

आमच्या रविवार पेठेतल्या सलूनवाल्या काकांना वस्तरा मुद्दाम दाखवायला नेला. त्यांनी उजेडात धरून टोकाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, आपल्याच मनगटावरचे चार केस उडवले.

‘‘गोल छान आलाय,’’ म्हणाले. ‘‘आता दाढी घरी करा बिनधास्त. मिशी कोरायला मात्र इकडेच यायचं, भाऊ.’’