आमची वाटचाल : प्रयोगाची मजुरी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आम्ही १९९८ साली बिडाच्या ओतकामाचा छोटा कारखाना सुरू केला, तेव्हा सुधारणा म्हणजे नवे यंत्र अशीच माझी समजूत होती. पैसे साठले की यंत्र घ्यायचे आणि माणसांनी ते सांगितल्याप्रमाणे चालवायचे, या रीतीने पहिली दहा वर्षे गेली. धंदा वाढला, पण पंपाच्या बॉडीतील ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूत राहणारी पोकळ छिद्रे, काही केल्या कमी होईनात. वरून निर्दोष दिसणारे कास्टिंग ग्राहकाकडे मशीनिंगला लागले की आतले छिद्र उघडे पडे आणि माल परत येई.

टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना १९५१ साली सुरू केली, हे एका व्याख्यानात ऐकून आम्हीही सूचनापेटी लावली. आलेल्या मोजक्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक भट्टीजवळच्या पंख्यांविषयी होत्या. ती मागणी रास्त होती, म्हणून पंखे लगेच बसवले. परंतु कामाच्या पद्धतीविषयी कोणी काहीच का लिहीत नाही, याचा उलगडा पुढे मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे भरण्याच्या, जागेवर झाला.

आमच्याकडे सुरुवातीपासून असलेल्या एका मोल्डरना सगळे मामा म्हणतात. परत आलेला माल मी तपासत असताना त्यांनी ग्रीसचा एक जुना डबा आणून माझ्यासमोर उपडा केला. त्यातून बिडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे पडले.

“मालक, खराब निघालेल्या बॉडीच्या कोअर प्रिंटपाशी दर वेळी हे सापडतंय.”

कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावे म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, आणि प्रिंट म्हणजे तो साच्यात जिथे टेकतो ती जागा. साडेतेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला बिडाचा रस कोअरला भिडला की कोअरमधील वाळू धरून ठेवणारा बाइंडर जळून वायू तयार होतो, आणि तो कोअरमध्ये ठेवलेल्या व्हेंटच्या वाटेने साच्याबाहेर जावा लागतो. आमच्याकडे प्रिंटभोवतीच्या फटीत रस शिरून ती वाट बुजत होती आणि कोंडलेला वायू धातूतच अडकत होता. फटीत सिरॅमिक दोरीचा वेढा द्यावा, असा मामांचा उपाय होता. हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले.

“नगावर मजुरी आहे, मालक. दोरी बसवत बसलो तर दिवसाचे साच्याचे चार बॉक्स कमी भरणार. ते कुणाच्या पदरचे?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, त्यामागे त्यांची जिद्द होतीच. पण औंधच्या राजांनी जागा देऊन त्यांच्या धडपडीचा काही भार उचलला होता, हेही आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. माझ्या कारखान्यात मात्र नवे करून पाहण्याचा सारा भार मी, नकळत का होईना, रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या माणसावर टाकला होता.

तेव्हापासून दर शनिवारी पहिल्या हीटचे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या पहिल्या रसाचे, सहा बॉक्स आम्ही प्रयोगासाठी राखतो. त्या वेळेची मजुरी त्या माणसाच्या सरासरी नगांप्रमाणे पूर्ण दिली जाते, मग माल बाद झाला तरी हरकत नाही. बाद बीड पुन्हा भट्टीतच जाते. वीज, वाळू आणि वेळ यांचे नुकसान कारखाना सोसतो. बक्षीस मात्र आम्ही ठेवलेले नाही. एक कल्पना बहुधा तिघांच्या बोलण्यातून आकाराला येते, आणि एकाच्याच हाती पाकीट पडले की उरलेले दोघे पुढच्या वेळी गप्प बसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक प्रयोगाची नोंद वहीत होते : कोणी काय केले, वाळूत ओल किती होती, रस किती तापला होता, निकाल काय आला. दोरीच्या वेढ्यानंतर परत येणाऱ्या बॉडी हळूहळू कमी झाल्या. अजूनही काही येतात, पण त्यांची कारणे वेगळी असतात. साखर कारखान्यातील मळी कोअरमध्ये वापरण्याचा प्रयोग पावसाळ्यात साफ फसला, कारण मळी हवेतील ओल धरून ठेवते. तेही पान वहीत आहे. आयटीआयमधून नव्याने आलेल्या एका मुलाने मळीचीच कल्पना पुन्हा मांडली, तेव्हा मामांनी त्याला ते पान वाचायला दिले. कोअर ओव्हनमधून काढल्यावर गरम असतानाच साच्यात बसवला तर काय होईल, असे त्याने विचारले. येत्या शनिवारचे सहा बॉक्स त्याच्या नावावर लिहिले आहेत.