चांदणी चौक ओलांडला की पाणी घालायचं

"काकू, शनिवारी ती जेवायला येतेय. काहीतरी सोपं सांगा, पण भारी वाटलं पाहिजे."

वर्षातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न माझ्या दारात येतो. कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या भाड्याने दिल्यात. मुलं-मुली हिंजवडीला नोकरीला, खोलीत एक इंडक्शन, दोन भांडी आणि मॅगीची पाकिटं. भाडेकरू बदलतात, प्रश्न बदलत नाही. 'ती'च्या जागी कधी 'तो' येतो, इतकंच. गेल्या महिन्यात भाचीनेही विचारलं, मग तिच्या दोन मैत्रिणींनी. म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे जिन्यात उभं राहून परत परत सांगायला नको.

मसालेभात करा. सोबत टोमॅटोचं सार, भाजलेला पापड आणि आदल्या रात्री करून ठेवलेलं श्रीखंड. बास.

हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात. त्यांच्या डोक्यात पांढऱ्या सॉसचा पास्ता असतो, नाहीतर पनीर बटर मसाला. पास्ता पाच मिनिटांत गार होऊन गोळा होतो. पनीर तर पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, मग तुलना हॉटेलशी होते आणि त्यात आपण हरतो. पण मसालेभातामागचं माझं खरं कारण वेगळं आहे, आणि ते जुनं आहे.

१९९१ साली माझा साखरपुडा झाला. माहेर सदाशिव पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्या आणि मागे मोरी. साखरपुड्यानंतरच्या एका रविवारी आईने 'यांना' जेवायला बोलावलं. बेत पुरी, बटाट्याची भाजी, अळूवडी आणि शेवयांची खीर. आई कढईपाशी, मी ताट घेऊन आत-बाहेर. टम्म फुगलेली पुरी ताटात पडेपर्यंत बसता कामा नये, म्हणून मी जवळजवळ पळतच होते. "घ्या ना अजून एक." "नको, नको." "गरम आहे." "बरं, अर्धी." त्या दिवसाचं आमचं संभाषण एवढंच. आई आणि मी जेवायला बसलो तेव्हा त्यांचा हात धुऊन झाला होता आणि बाहेरच्या खोलीत बाबा त्यांना पानशेतचा पूर सांगत होते. १९६१ चा तो पूर बाबा घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत, गॅस सिलेंडरवाल्यालासुद्धा.

रात्री मैत्रिणीने विचारलं, कसा आहे गं स्वभाव? मला माहीत होतं ते असं: हिरवी मिरची ताटाच्या कडेला काढून ठेवतात, आणि पुरी आधी बोटाने फोडून वाफ जाऊ देतात. सोळा पुऱ्या वाढल्यावर मिळालेली ही माहिती.

म्हणून माझा नियम असा की जे तव्यावरून किंवा कढईतून थेट ताटात पडावं लागतं, ते त्या दिवशी करायचं नाही. फुलके नाहीत, पुऱ्या नाहीत, थालीपीठ नाही, भजी नाहीत. आपल्याकडे गरमगरम वाढणं म्हणजे प्रेम, ते खरंच आहे. पण त्यात एक जण जेवतो आणि एक जण उभा असतो. घरात आई असेल तर निभतं. तुम्ही एकटे असाल तर पाहुणा ताटाकडे बघत बसतो आणि तुम्ही पिठाच्या हातांनी "तुम्ही सुरू करा ना" म्हणत राहता. मग बोलावलंत कशाला?

मसालेभात शिजला की झाकणाखाली आपला आपण बसतो. उलट दहा-पंधरा मिनिटं मुरला तर जास्त चांगला. दोघांनाही एकदम बसता येतं.

त्याआधी एक काम आहे, आणि ते स्वयंपाकघरातलं नाही. कॅलेंडर बघा. हसू नका. दोन वर्षांपूर्वी वरच्या लातूरच्या मुलाने दिवसभर खपून चिकन केलं. चांगलं झालं होतं, वास खालपर्यंत होता. मुलगी आली, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, आज संकष्टी आहे." साडेआठला हा माझ्या दारात, घाम पुसत. आमच्याकडे वरण-भात होताच, मीही चतुर्थी करते. आता संकष्टीचा उपास सुटतो चंद्रोदयाला, आणि त्या दिवशी चंद्रोदय होता सव्वानवाच्या पुढे. आमच्या जिन्यात तेव्हा माझीच पाटी होती, "रात्री ९ नंतर पाहुणे थांबू नयेत". चंद्रच नऊनंतर येणार, तर मी काय बोलणार? दोघं गच्चीत उभे राहून चंद्राची वाट बघत होते. मग वरण-भात, तूप, लिंबू आणि माझ्याकडचं कैरीचं लोणचं. चिकन दुसऱ्या दिवशी तिन्ही खोल्यांनी मिळून संपवलं. पाटी मी पुढच्या आठवड्यात काढली.

तेव्हा आधी विचारा. गुरुवार, चतुर्थी, श्रावण, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाण्याचा त्रास आहे का. विचारण्यात कमीपणा नाही. मसालेभाताचं सुख असं की त्याला कांदा-लसूण लागतच नाही. मटण करणाऱ्या घरातला माणूसही तो आनंदाने खातो आणि देवाच्या नैवेद्यालाही तो चालतो.

आता भात. दोघांना सव्वा वाटी तांदूळ पुरून उरतात. आंबेमोहोर मिळाला तर घ्या, नावाप्रमाणे शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो. जुना मागा, नवा तांदूळ गिच्च होतो. इंद्रायणी त्याचाच वंशज, १९८७ मध्ये मावळातल्या भात संशोधन केंद्राने काढलेला. वरणासोबत त्याला तोड नाही, पण तो चिकट आहे, या कामाला नको. आंबेमोहोरही तसा नाजूकच, तेव्हा भीती वाटत असेल तर सरळ बासमती वापरा. आमच्या पेठेतल्या बायका नाक मुरडतील, त्यांना बोलावलेलं नाही.

तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. बारा-पंधरा तोंडली धुऊन त्यांचे उभे चार-चार काप करा. हे काम बसून करायचं, टीव्ही लावून. तेल जरा सढळ, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, चार-सहा काजू. त्यात तोंडली. तोंडली हट्टी असतात, भातासोबत शिजतील या भरवशावर राहू नका. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं द्या, कडा जरा सुरकुतल्या पाहिजेत. मग तांदूळ घालून परता. उलथनं फिरवताना दाणे आधी जड लागतात, भांड्याला चिकटतात. मग एका क्षणी हलके होतात आणि वाळूसारखा आवाज करत सुटे फिरतात. तो आवाज आला की दीड चमचा गोडा मसाला, थोडं तिखट, मीठ. मसाला विकतचा चालेल. फक्त पुडी उघडून वास घ्या, दगडफुलाचा तो मातकट, जुन्या कपाटासारखा वास येत नसेल तर ती पुडी आमटीला ठेवा. लग्नाच्या पंगतीची आठवण येते ती याच वासाने.

इथे थांबायचं. गॅस बंद.

कारण ती केव्हा येईल ते देवालाही माहीत नाही. हिंजवडीहून यायचं म्हणजे वाकड, मग हायवे, मग चांदणी चौक. म्हणून माझ्या पोरांना मी सांगून ठेवलंय: चांदणी चौक ओलांडला की मेसेज कर, एवढंच तिला सांगा. मेसेज आला की गॅस पेटवायचा, अडीच वाट्या उकळतं पाणी घालायचं, खडाभर गूळ, झाकण, आच बारीक. पंधरा मिनिटांत भात होतो आणि साधारण तेवढ्यातच गाडी दाराशी लागते. पूर्वी हे जमलं नसतं. तिथला जुना पूल होता तेव्हा चौक ओलांडायला लागणाऱ्या वेळात भाताचा कोळसा झाला असता. २०२२ च्या ऑक्टोबरात तो पाडला, पुढच्या वर्षी नवे रस्ते उघडले, तेव्हापासून हे गणित बसतं. लोक त्या कामाबद्दल काय काय बोलतात, माझा त्यातला फायदा हा.

दार उघडताना जिन्यापर्यंत वास आलेला असतो. बाकी दिखाव्याची गरज राहत नाही.

पण भात मुरायला अजून दहा मिनिटं हवीत, आणि पाहुणा भुकेला आहे. तिथे सार. चार लालबुंद टोमॅटो उकडून, साल काढून, मिक्सरमधून फिरवून गाळून ठेवलेले. मीठ, गूळ, तूप-जिऱ्याची फोडणी. नारळाचं दूध घालणार असाल तर अगदी शेवटी, नंतर उकळी आणू नका, फाटतं. वाटीत नको, चहाच्या कपात द्या. बाहेरून दमून आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी गरम असलं की तो आपोआप बोलायला लागतो.

वाढताना एक छोटी युक्ती. वाटीला आतून तुपाचं बोट फिरवा, भात दाबून भरा, ताटात उपडी करा, वर दोन टिचक्या मारा. मूद सुटते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि तुपाची धार समोर बसल्यावर सोडा, आतून सोडून आणू नका. लिंबाची फोड डावीकडे वर, शेजारी मीठ. स्टीलचं ताट असलं तरी चालतं, पण ते ओलं नको.

श्रीखंडाचं फार सांगत नाही. अर्धा किलो चक्का डेअरीतून आणा. साखर बरोबरीने घालायची पद्धत आहे, मी साडेतीनशे ग्रॅमवर थांबते. दोन तास एकत्र ठेवलं की साखर विरघळते, मग पुरणयंत्रातून काढा, पुरणयंत्र नसेल तर गव्हाच्या पिठाच्या चाळणीवर घासा. दुधात भिजवलेलं केशर, जायफळ. "घरी केलंस?" हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर खरं असतं.

आमच्या भिशीतली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, मसालेभात आणि श्रीखंड? पहिल्याच भेटीत लग्नाचं जेवण! पोरगी पळून जाईल." हा मुद्दा मी मान्य करते. म्हणूनच मठ्ठा आणि जिलबी मी यादीतून काढून टाकलीये. तेवढी खबरदारी पुरे. आमच्या पिढीत तर पहिल्या भेटीत कांदेपोहे असत आणि सोबत दहा नातेवाईक.

आणि हो, बाथरूम धुवा. हे मुलांसाठी.

परवा सोलापूरची मुलगी माझं जाड बुडाचं पातेलं घेऊन गेली. तिचा 'तो' बावधनचा, त्यामुळे चांदणी चौकाचं गणित तिच्या कामाचं नव्हतं. तिने घरातून निघताना फोन करायला सांगितलं. रात्री वर बराच वेळ बोलण्याचा आवाज होता, खुर्च्या सरकल्याचा नव्हता. म्हणजे दोघं बसून होते. दुसऱ्या दिवशी अकराला बेल वाजली. दारात तो. पातेलं घासून लख्ख, आत चार लिंबं.

"तळाची खरपुडी आम्ही भांडून खाल्ली," तो म्हणाला.

"आणि ही लिंबं कशाला?"

"रिकामं भांडं परत देत नाहीत ना काकू."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आईला विचारलं. सकाळी फोन केला होता."

मी पातेलं घेतलं आणि त्याला म्हटलं, ये आत, चहा टाकते.