आईच्या मोबाईलवर उघडलं पाहिजे

१२ नोव्हेंबर

आज लॅबमध्ये सरांनी प्रत्येकाला स्वतःचं एक वेब पेज करायला सांगितलं. एकच पान, सगळा कोड हातानं लिहायचा, तयार साचा घ्यायचा नाही. नोटपॅड उघडलं आणि पहिला अर्धा तास मजकुरातच गेला. स्वतःबद्दल काय लिहू? आधी इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली, शिकायची आवड वगैरे. वाचून पाहिली आणि खोडली. ती कोणाच्याही नावाखाली चालली असती.

मग मराठीत लिहायला घेतलं. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि मधे तुरीच्या ओळी. बाबा लहानपणी आजोबांचा हात धरून शकुंतलेत बसायचे, तेही लिहिलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज गाडी या भागातल्या कापसासाठी सुरू झाली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढलंय. बाबांना अजून तिची शिट्टी आठवते, आणि ते सांगायला लागले की जेवण तसंच राहतं.

सेव्ह करून ब्राउझरमध्ये उघडलं तर मराठीचा पत्ताच नाही! डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून चारी बाजूंनी टोकं फुटलेलं एक गोल, आणि हीच जोडी पानभर. मला वाटलं फाईल गेली. सरांनी मागे उभं राहून पाहिलं आणि समजावलं. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, मात्रा आणि काना धरून. त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. फाईल या पद्धतीत आहे हे ब्राउझरला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यानं तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं वाचली. कोडच्या वरच्या भागात, हेडमध्ये, ही पद्धत सांगणारी मेटा कॅरसेटची एक ओळ टाकली, पान पुन्हा उघडलं आणि वर माझ्या गावाचं नाव दिसलं. ठळक, काळ्या अक्षरांत, आपल्या लिपीत. मी बराच वेळ नुसती बघत बसले. शेवटची एसटी थोडक्यात सापडली.

१५ नोव्हेंबर

पान आज बाहेर गेलं. सरांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खातं काढून दिलं, तिथं असं साधं पान फुकट ठेवता येतं. मी विचारलं, घरी कॉम्प्युटर घेतला तर त्यावरच ठेवता येणार नाही का? तेव्हा त्यांनी वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांच्या मशीनबद्दल सांगितलं. सर्न या संस्थेतल्या त्या कॉम्प्युटरवर जगातलं पहिलं वेब पान होतं, आणि त्यावर हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. मला आमची डीपी आठवली. मागच्या महिन्यात ती जळाली तेव्हा चार दिवस गावात लाईन नव्हती. पान घरी ठेवलं असतं तर तेही चार दिवस अंधारात गेलं असतं.

फाईलचं नाव इंडेक्सच हवं, नाहीतर नुसता पत्ता टाकून पान उघडत नाही, हे एकदा चुकल्यावर कळलं. फोटोनं मात्र दुपार खाल्ली. लॅबच्या कॉम्प्युटरवर रुळांचा फोटो छान दिसायचा, वर चढवला की त्या जागी फाटक्या कागदाचं चित्र. मोबाईलनं फाईलच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये लिहिलं होतं, मी कोडमध्ये स्मॉलमध्ये. विंडोजला दोन्ही एकच, तिथल्या सर्व्हरला दोन वेगळी नावं. फाईलचं नाव बदललं, आणि पाच मिनिटांनी रूळ दिसले.

१६ नोव्हेंबर

काल रात्री झोप लागली नाही. पानाच्या खाली मी माझा मोबाईल नंबर टाकला होता, संपर्कासाठी म्हणून. गावाचं नाव, माझं नाव आणि नंबर, सगळं एकाच ठिकाणी. सकाळी नंबर काढून टाकला, पण सर म्हणाले गिटहब ज्यावर चालतं ते गिट प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवतं, शोधणाऱ्याला ती दिसते. म्हणून पूर्ण रिपॉझिटरीच, म्हणजे पानाच्या फाईलींचा सगळा साठा, उडवली आणि सगळं नव्यानं चढवलं. वर्गातल्या सगळ्या मुलींना हे सांगितलं. दोघींचे नंबर होतेच.

१७ नोव्हेंबर

रविवार. सकाळपासून वेचणी. संध्याकाळी आईच्या मोबाईलवर पान उघडायला घेतलं आणि ते उघडेना. पांढरं गोल नुसतं फिरत राहिलं. घरात एकच कांडी रेंज, म्हणून स्लॅबवर गेले. तिथंही फोटो वरून थोडा थोडा उतरत होता. चार एमबीचा फोटो! आणि अक्षरं तिळाएवढी. लॅबच्या मोठ्या स्क्रीनवर यातलं काहीच जाणवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्या गावाबद्दल लिहिलं त्याच गावात ते उघडत नसेल तर ते लिहून काय उपयोग?

स्लॅबवर बसूनच सर्ननं जपलेलं ते पहिलं वेब पान उघडून पाहिलं. नुसती अक्षरं आणि दुवे. एका दमात उघडलं. मग माझा फोटो मोबाईलवरच लहान केला, आठशे पिक्सेल रुंद, नव्वद केबी. पान मोबाईलच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ राहिली होती, ती टाकली. अंधार पडेपर्यंत जमलं.

खाली आले तेव्हा आई चुलीजवळ होती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांवर ओरखडे होते, कातडी इतकी राठ की काचेला बोट लावलं तरी पान सरकेना. तिनं बोट पदराला पुसलं, पुन्हा लावलं. मी सरकवून देते म्हटलं तर नको म्हणाली. आई सातवीपर्यंत शिकलेली. एकेक शब्द ओठ हलवत वाचत होती.

"हे तू लिवलं?"

"हो."

"बाबाची गाडी बी लिवली." मग थोडं खाली जाऊन थांबली. "आपल्या वावराले शेत काहून लिवलं व?"

"पुस्तकात तसंच असते, आई."

"पुस्तकात असन. आपन तं वावरच म्हनतो."

जेवण झाल्यावर पुन्हा स्लॅबवर गेले. पानात शेत तीन ठिकाणी होतं. तिन्ही ठिकाणी वावर केलं.