वेताळ टेकडीवर परदेशी मुलांसोबत १२ दिवस: अनुभव आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

जुलैमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं लावायचा १२ दिवसांचा वर्ककॅम्प केला, म्हणजे वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक एकत्र राहून काम करतात ते शिबिर. आम्ही चौदा जण होतो, नऊ बाहेरचे (फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, जपान, युगांडा) आणि पाच पुण्यातले. मुक्काम कोथरूडमध्ये एका हॉलवर, जमिनीवर गाद्या टाकून. माझं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटं, आई म्हणाली रात्री झोपायला तरी घरी ये, पण मी नाही गेले आणि लोकल मंडळींना पहिलं हेच सांगेन की मुक्कामालाच राहा. दिवसा सगळे दमलेले असतात, खऱ्या गप्पा होतात त्या रात्री भांडी घासताना आणि बुटांचा चिखल काढताना.

सकाळी सहाला निघायचो. टेकडीवर माती जेमतेम वीतभर, खाली मुरूम नाहीतर कातळ, त्यामुळे खड्डे मे महिन्यातच खणून ठेवलेले होते. आमचं काम म्हणजे रोपं आणि खत वर न्यायचं, लावायचं, आळं करायचं आणि वरून पालापाचोळ्याचं आच्छादन द्यायचं. बहावा, पळस, कांचन, करंज अशी आपलीच झाडं होती. पूर्वी लावलेलं गिरिपुष्प हे परदेशी झाड टेकडीवर इतकं पसरलंय की आपल्या झाडांना जागाच उरत नाही, हे मी इतकी वर्षं तिथे फिरायला जाऊनही मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी जो तो आपापलं घमेलं घेऊन चढ चढत होता आणि नऊ वाजेपर्यंत सगळे गळपटले. खत उतरवायला आलेल्या एक मावशी बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं रांगेत उभं राहा की, घमेलं चालू दे, माणूस कशाला चालवता?" मग साखळी केली आणि कामाचा वेग एकदम वाढला. त्या रांगेतच सगळे मराठी शिकले, धर, दे, थांब, जड आहे. चौथ्या दिवशी युगांडाचा मुलगा मलाच ओरडून सांगत होता, "थांब थांब, सांडलं!" त्यामुळे इंग्रजी कच्चं आहे म्हणून कोणी मागे राहत असाल तर प्लीज राहू नका, हातात काम असलं की भाषेचं अडत नाही.

जपानच्या मुलीचं एक सांगायचंच आहे. रोपाची काळी पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गड्डा न फोडता हातावर घ्यायचा आणि खड्ड्यात ठेवायचा, हे सगळेच करत होते, पण ती प्रत्येक पिशवी झटकून घडी घालून गोळा करत होती. दुपारी मोजलं तर रोपं ६४ आणि पिशव्या ६३. पाऊस कोसळत होता तरी ती परत वर गेली, मी पण गेले, एकेक आळं चाचपत शेवटी एका बहाव्याच्या मुळाखाली पिशवीचं बूड अडकलेलं मिळालं. ते रोप मी लावलेलं होतं. ती काहीच बोलली नाही, गुडघ्यावर बसून तिने माती परत दाबली आणि माझा हात धरून मला उठवलं. मला रडूच आलं.

एकदा पाऊस थांबायची वाट बघत झाडाखाली बसलो होतो तेव्हा जर्मन मुलाने ह्या वर्ककॅम्पचा इतिहास सांगितला. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये पिएर सेरेझोल ह्या स्विस इंजिनिअरने फ्रान्समध्ये वेर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले, त्यात जर्मनही होते, कालपर्यंतचे शत्रू. हेच सेरेझोल पुढे १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये गावं उभारायला आले होते. हे सांगणाऱ्या जर्मन मुलाच्या शेजारी फ्रान्सचा मुलगा बसून एकाच डब्यातले पोहे खात होता, आणि मला ती गोष्ट एकदम खरी वाटली.

आता जेवणाचं, हे नीट वाचा. बेल्जियमच्या मुलाला शेंगदाण्याची ऍलर्जी होती, फॉर्मवर त्याने लिहिलंही होतं पण स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत ते पोचलंच नाही. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली, त्यात दाणे दिसत नव्हते, कूट होता. आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं आणि त्याने घास तोंडात जायच्या आधी ताट ओढलं, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. आपल्याकडे कोशिंबीर, भरली वांगी, चटणी सगळ्यात कूट असतो आणि आपल्याला ते सांगायचं सुचतही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कोणाला काय चालत नाही ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात चिकटवा आणि अँब्युलन्सचा १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा.

बाकीचं पटापट. छत्री नको, रेनकोट आणा, दोन्ही हात मोकळे लागतात. बुटाला चांगली ग्रिप हवी, ओल्या मुरुमावरून पाय सटकतो. बाहेरच्या मुलांकडे सहसा यूपीआय नसतं, त्यांना दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा आधीच काढून द्या, नाहीतर चहापासून रिक्षापर्यंत सगळे पैसे तुम्हीच भरत बसाल आणि हिशोबात अवघडल्यासारखं होतं. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे, परवानगीचं पत्र कॅम्प घेणाऱ्या संस्थेने घेतलंय का ते जायच्या आधी विचारा. एक दुपार आम्ही महापालिकेच्या शाळेत गेलो, पोरांनी सगळ्यांना लगोरी शिकवली, फार मजा आली, पण मुलांचे फोटो बाईंना विचारल्याशिवाय काढू नका, पाहुण्यांनाही तसं आधीच सांगा.

आणि लोकल लोकांनी ह्यात असायलाच पाहिजे, कारण ते नऊ जण ऑगस्टच्या आधी गेले, रोपं इथेच आहेत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मिळालं नाही तर त्यातली फारशी जगणार नाहीत. पाऊस गेल्यापासून आम्ही दर शनिवारी सकाळी सहाला पाणी घालायला जातो, जपानहून दर वेळी बहाव्याचा फोटो मागितला जातो. वर पाण्याची सोय नाही, येणार असाल तर दोन लिटरच्या दोन बाटल्या घरूनच भरून आणा.