पिकअपच्या पुढच्या बाजूचा खडखडाट: लोअर आर्मपर्यंत पोहोचलो

पुढून येणारा आवाज एक नसून दोन आहेत, हे आता पक्कं झालं. पहिला बारीक, टक-टक-टक, खडीवरून किंवा पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना येणारा. दुसरा जाड, एकच धप्प. स्पीड ब्रेकर उतरताना, नाहीतर रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला आणि लगेच पुढे निघालो की हमखास. दोन्ही डावीकडून येतात असं केबिनमध्ये बसलेला प्रत्येक जण सांगत होता. त्यावर विसंबायचं नाही. चासी म्हणजे एका बाजूला वाजवलं तर दुसऱ्या बाजूला ऐकू येणारं लोखंड.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुनी डबल केबिन पिकअप, टू व्हील ड्राइव्ह, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म; खालचा तो लोअर आर्म) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी लोखंडी दांडी), मागे पाटे. स्टेअरिंगला रॅक नाही, बॉक्स आहे, म्हणून बॉक्सपासून चाकांकडे जाणारी मधली दांडी, म्हणजे सेंटर लिंक, आणि तिचं दुसरं टोक पेलणारा आयडलर आर्म हेही संशयितांच्या यादीत. पुढच्या चाकांना ड्राइव्हच नसल्यामुळे चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा विषय संपला. चिपळूण-कऱ्हाड जा-ये नेहमीची, त्यामुळे कुंभार्ली घाटातली वळणं आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे गाडीच्या पाचवीलाच पुजलेले.

गॅरेजमधला पहिला सल्ला नेहमीचाच: शॉकअप टाकून घ्या. पण शॉकअप गेला की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते, नळीवर तेल ओघळतं, टायर जागोजागी खोलगट झिजतो. यातलं काहीच नव्हतं. शॉकअपच्या टोकांचे रबर खटखटू शकतात, म्हणून पुतण्याला बंपरवर जोर द्यायला लावला आणि वरच्या नटावर बोट टेकवून बसलो. हाताला काही लागलं नाही. ब्रेकचंही तसंच: खडीवरून जाताना पेडल अलगद दाबून ठेवलं तरी आवाज चालूच, म्हणजे कॅलिपरमध्ये पॅड हलत नाहीयेत.

बारीक आवाज मग लवकर सापडला. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीला झुकू न देणारी आडवी दांडी) दोन्ही लिंक, म्हणजे टोकांच्या जोडदांड्या, काढल्या, बार तारेने वर बांधला आणि त्याच खडीवरून गेलो. टक-टक गायब. एकच लिंक काढून बघू नका, दुसरी वाजतच राहते आणि डोकं फिरतं. शिवाय बार सुटला की गाडी वळणावर जास्त झुकते, तेव्हा ही परीक्षा वाडीतल्या रस्त्यावर, हळू, घाटात नाही. काढलेल्या लिंकचा बॉल दोन बोटांनी गरागरा फिरत होता. चांगला असेल तर तो हाताला अडतो.

धप्प मात्र हट्टी निघाली. इथे जॅक कुठे लावायचा यावरच सगळं ठरतं. आपल्याकडे सरसकट चासीखाली जॅक लावून चाक वर-खाली हलवतात आणि ‘प्ले नाही’, म्हणजे सैलपणा नाही, म्हणून मोकळे होतात. या गाडीत टॉर्शन बार लोअर आर्मला जोडलेला आहे. चासी उचलली की बार आर्मला खाली रेटतो, सगळी सांधेजोड ताणाखाली आवळली जाते आणि झिजलेला बॉल जॉइंटसुद्धा (आर्मला चाकाशी जोडणारा गोळ्याचा सांधा) घट्ट भासतो. म्हणून जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ बसेल तितका जवळ लावला. मागच्या चाकांना दगड, चासीखाली घोडी, आणि मगच हात आत. टायरखाली पहार घालून उचकटलं आणि सांध्याकडे बघत राहिलो. वर-खाली धरून हलवल्यावर जो किंचित प्ले लागला, तो कुणीतरी ब्रेक दाबून धरताच गेला; म्हणजे तो व्हील बेअरिंगचा. बॉल जॉइंट दोन्ही बाजूंचे शाबूत.

मग तीच पहार लोअर आर्मच्या बुशपाशी, म्हणजे आर्म चासीला जिथे जोडतो तिथल्या रबरापाशी. डावीकडे काही नाही. उजवीकडच्या पुढच्या बुशचं रबर मधल्या नळीपासून सुटलेलं! जोर दिला की आर्म मागे सरकत होता आणि लोखंडाची घासून चकाकलेली कड दिसत होती. पुढे जाताना ब्रेक मारला की चाक मागे रेटलं जातं, रिव्हर्समध्ये मारला की पुढे. सैल आर्म तेवढा सरकतो आणि आपटतो. रिव्हर्सनंतरच्या धप्पचा उलगडा झाला, आणि तोही उजव्या बाजूला.

आर्म खोलण्याआधी टॉर्शन बारचा ताण उतरवलाच पाहिजे, त्यात हयगय नको. त्याआधी बारचा पीळ कमी-जास्त करणारा ॲडजस्टर बोल्ट किती बाहेर आहे ते व्हर्नियरने मोजलं, बार आणि आर्म जिथे एकमेकांत अडकतात त्या खाचांवर रंगाची रेघ मारली, आणि सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवली. डावा-उजवा बार अदलाबदल होत नाही, दोन्हींचा पीळ उलट असतो. जुना बुश प्रेसवर काढला, नवा साबणाच्या पाण्यावर बसला. ग्रीस लावायचा मोह टाळा, रबर फुगतं.

आता सर्वात महत्त्वाचं: आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. या प्रकारच्या बुशमध्ये मधली नळी बोल्टने पकडली जाते आणि आर्म हलतो तो रबराच्या पिळावर. चाक लोंबकळताना आवळलं, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून चाकं टेकवली, ॲडजस्टरने लिहून ठेवलेली उंची आणली, गाडी पुढे-मागे ढकलून बसू दिली, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क पान्याने शेवटचं आवळलं. अंगावर माती आली, पण दुसरा मार्ग नाही. दोन्ही बाजूंचे बुश आणि लिंक एकदमच बदलले.

धप्प गेली. टक-टकही गेली. आता उभ्या गाडीत स्टेअरिंग डावी-उजवीकडे झुलवलं की एक हलकी कट ऐकू येते. आधी मोठ्या आवाजांखाली ती दबलेली असावी. चाकं जमिनीवर ठेवून पुतण्याने स्टेअरिंग थोडं-थोडं हलवलं, मी खालून एकेक सांधा हाताने धरला. टाय रॉड एंड (चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा टोकाचा सांधा) गप्प, स्टेअरिंग शाफ्टचा क्रॉसही गप्प, आयडलर आर्म मात्र वर-खाली नाचतोय. तो मागवलाय. अलाइनमेंट तोवर थांबवलं आहे. आयडलर सैल असताना टो (चाकांचा आत-बाहेर कल) लावून घेणं म्हणजे पैसे दोनदा. व्हील बेअरिंगही त्याच वेळी धुऊन, नवं ग्रीस भरून प्रीलोड लावणार, म्हणजे बेअरिंग नेमकं आवळणार.